नवी हार्ड डिस्क जोडली आणि संगणक सुरू होईना

नवी हार्ड डिस्क जोडल्यावर संगणक सुरू होईनासा झाला, तर बहुतेक वेळा बिघडलेले काहीच नसते. कुठे वीज अपुरी पडत असते, कुठे हात लागून एखादी केबल किंवा रॅम हललेली असते, आणि पुष्कळदा संगणक विंडोज शोधायला भलत्याच डिस्ककडे गेलेला असतो. ही कारणे नीट क्रमाने गेल्यास तासाभरात हाती लागतात. खरे नुकसान होते ते त्यानंतरच्या घाईने. ‘विंडोज उडाली’ असे समजून फॉरमॅट मारला जातो आणि मुळात धडधाकट असलेल्या डिस्कवरची कित्येक वर्षांची कामे त्यात पुसली जातात. म्हणून या बिघाडात पहिला नियम एकच धरावा: कारण सापडेपर्यंत कोणत्याही डिस्कवर काहीही लिहायचे नाही. फॉरमॅट नको, नवी विंडोज नको, पडद्यावर ‘इनिशिअलाइज’ असा प्रश्न आला तरी त्याला होकार नको.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी डिस्क वाढवण्याची गरज साधारण तीन ठिकाणी पडते, आणि तिन्ही ठिकाणचा बिघाड वेगवेगळ्या घराण्यातला असतो. फोटो स्टुडिओत लग्नसराईचे चित्रीकरण साठवायला ४ किंवा ८ टीबीच्या डिस्क एकापाठोपाठ एक बसत जातात. तिथे संशय प्रथम विजेवर घ्यावा. सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जुना संगणक मोडीत निघतो आणि त्यातली डिस्क नव्या संगणकात जोडली जाते. त्या डिस्कवर तिची स्वतःची विंडोज असते आणि भांडण तिथून सुरू होते. तिसरे ठिकाण द्राक्षांचे पॅकहाउस. जानेवारी ते एप्रिल हा काढणीचा काळ. कृषिमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत निर्यातक्षम बागांची नोंद राहते, पण वजनाच्या पावत्या, क्रेटचा हिशेब, मजुरी आणि कॅमेऱ्यांचे चित्रीकरण तिथल्याच संगणकावर असते. हा संगणक अनेकदा कंपनीचा जुना, दुरुस्त करून विकलेला असतो, आणि त्याची अडचण पुन्हा निराळी असते.

संगणक कुठे थांबला

चालू बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत संगणक काही पायऱ्या चढतो. आधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, वीज स्थिर झाल्याची खूण मदरबोर्डला देतो. मग मदरबोर्डवरचा बायोस किंवा त्याची नवी आवृत्ती यूईएफआय जागा होतो, प्रोसेसर, रॅम आणि पडदा तपासतो. त्यानंतर जोडलेल्या सगळ्या डिस्कची हजेरी घेतली जाते. त्यांतल्या एका डिस्कवरचा छोटा बूट प्रोग्रॅम उचलला जातो, आणि तो प्रोग्रॅम विंडोजला हाक मारतो. कोणत्या पायरीवर गाडी अडली हे डोळ्यांनी आणि कानांनी कळते. पंखेच फिरले नाहीत, किंवा क्षणभर फिरून थांबले, तर दोष विजेचा. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, तर रॅम किंवा बसवताना हललेला एखादा भाग. कंपनीचे बोधचिन्ह येऊन तिथेच चिकटले, तर डिस्कची हजेरी अडली आहे. काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ असे आले, तर संगणक चुकीच्या डिस्कवर गेला आहे. विंडोजचे चिन्ह दिसून मग निळा पडदा आला, तर हार्डवेअरपेक्षा मांडणी बदललेली असण्याचा संभव अधिक.

पडद्यावर जो मजकूर येतो त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुरुस्तीला आलेल्या माणसाला ‘काहीतरी इंग्रजीत येते’ एवढ्यावरून काहीच करता येत नाही. तो नेमका मजकूर मात्र निम्मे काम करतो.

आधी परत फिरावे

संगणक बंद करावा, वायर बोर्डातून काढावी, आणि मग चालू बटण पाच-सात सेकंद दाबून धरावे, म्हणजे एसएमपीएसमध्ये उरलेली वीज निघून जाते. वायर काढणे हे शेतातल्या वस्तीवर अधिकच महत्त्वाचे, कारण अर्थिंग नीट नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यास झिणझिण्या येतात. आत हात घालण्याआधी पत्र्याच्या रंग नसलेल्या भागाला एकदा स्पर्श करावा. अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. कोरड्या हिवाळ्यात, नायलॉनचा स्वेटर घालून काम करणाऱ्याने तर हे विसरू नये.

आता नव्याने जोडलेल्या सगळ्या डिस्कच्या डेटा आणि वीज अशा दोन्ही केबल काढाव्यात. नुसती डेटाची केबल काढून भागत नाही. आत शॉर्ट झालेली डिस्क डेटाची केबल नसतानाही एसएमपीएसला बंद पाडते. यूएसबीला लावलेल्या बाहेरच्या डिस्क आणि पेन ड्राइव्हही काढून टाकावेत. संगणक आधी जसा होता तसा झाला की तो सुरू करून पाहावा.

इथे वाट दुभंगते. जुन्या स्थितीत संगणक पूर्ववत चालू झाला, तर त्याची विंडोज, त्याची डिस्क आणि त्याचा बोर्ड शाबूत आहेत. दोष नव्या जोडणीत आहे. मग नव्या डिस्क एकेक करून जोडाव्यात आणि प्रत्येक वेळी सुरू करून पाहावे. एकदम तीन डिस्क लावून नंतर गुन्हेगार शोधत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. पण नव्या डिस्क काढूनही संगणक सुरू झाला नाही, तर डिस्क बसवताना दुसरे काहीतरी हलले आहे. अरुंद कॅबिनेटमध्ये डिस्कचा खण नेमका रॅमच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या शेजारी येतो आणि डिस्क सरकवताना कोपर लागते. रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांची सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ असा आवाज करेपर्यंत परत बसवाव्यात. हा उपाय गावठी वाटतो, पण डिस्प्ले न येण्यावर त्याच्याइतका लागू पडणारा उपाय दुसरा नाही. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीजकेबल आणि चोवीस पिनांची मोठी केबल याही दाबून पाहाव्यात. मूळ डिस्कची साटा केबल, म्हणजे डेटाची केबल, सैल झालेली असणेही नेहमीचे. कुलूपपट्टी नसलेल्या स्वस्त केबल शेजारच्या केबलच्या ताणानेही निसटतात.

विजेचा हिशेब

साडेतीन इंची हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात. एकदा फिरू लागल्या की डिस्क पाच ते आठ वॅटवर चालते. पण थांबलेल्या तबकड्यांना वेग देताना पहिल्या काही सेकंदांत १२ व्होल्टच्या तारेवरून दोन अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. म्हणजे एका डिस्कला सुमारे २४ वॅट. चार डिस्क एकाच क्षणी जाग्या झाल्या तर शंभर वॅटच्या आसपासचा धक्का, तोही प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जागे होत असतानाच. सहा-सात वर्षे चाललेल्या एसएमपीएसमधले कपॅसिटर वाळलेले असतात. दोन डिस्कवर तो कुरकुर करत नाही, तिसरीवर बसतो. बटण दाबल्यावर पंखे क्षणभर हलून थांबणे, किंवा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होणे, ही त्याची खूण. डिस्कमधून ‘टिक्... टिक्’ असा आवाज येऊन ती फिरायला न लागणे हीही विजेच्या कमतरतेची खूण असू शकते; डिस्क मेली असे लगेच ठरवू नये.

एसएमपीएसवर छापलेला आकडा पाहताना एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर वाचावेत. लोकल कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५०’ असे मोठ्या अक्षरात असते, पण १२ व्होल्टवर तो जेमतेम त्याच्या अर्ध्यापर्यंत जातो असे अनेकदा आढळते. स्टुडिओच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड आणि चार डिस्क असतील, तर तिथे नामांकित कंपनीचाच एसएमपीएस लागतो. इथे वाचवलेले पैसे डिस्कच्या किमतीत फेडावे लागतात.

दोन सवयी मात्र धोक्याच्या आहेत. पहिली, एका साटा वीजकेबलला फाटे फोडून तीन-चार डिस्क लावणे. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. दोन डिस्क एकदम सुरू झाल्या की ती मर्यादा जवळजवळ संपते. मोठ्या चार पिनांच्या जुन्या जोडणीवरून फाटा काढावा. तो अधिक प्रवाह पेलतो. मात्र प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त अडॅप्टर वितळून पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. तारा दाबून बसवलेले, उघडता येणारे अडॅप्टर घ्यावेत. दुसरी सवय त्याहून वाईट: सुट्या केबलच्या एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या मॉडेलच्या केबल लावणे. डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेवर किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. केबल चपखल बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एका सेकंदात सगळ्या डिस्क जळू शकतात. जुन्या एसएमपीएसच्या केबल त्याच्यासोबतच बांधून ठेवाव्यात. नव्याला लावू नयेत.

यूपीएसकडेही पाहिले पाहिजे. दुकानांत सर्रास असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. नवी डिस्क लावल्यावर यूपीएस ओरडून बंद पडत असेल, तर संगणक थेट बोर्डाला लावून पाहावा. तसा तो चालला तर दोष संगणकात नाही. गावठाणाबाहेरच्या पॅकहाउसमध्ये मोटारी सुरू होताना दिव्यांचा उजेड खाली-वर होतो. तशा वेळी ही तपासणी करूच नये, निष्कर्ष चुकतो. लाईट स्थिर असेल ती वेळ निवडावी.

जुन्या कंपनी संगणकांची गोष्ट वेगळी. डेल, एचपी, लेनोवो यांच्या कार्यालयीन संगणकांच्या अनेक मॉडेलमध्ये एसएमपीएस १८० ते २४० वॅटचा असतो आणि डिस्कला वीज मदरबोर्डवरच्या छोट्या जोडणीतून येते. ती एक-दोन डिस्कपुरतीच आखलेली असते. फाटे फोडून त्यावर तिसरी मोठी डिस्क लावली तर बोर्डालाच इजा होऊ शकते. अशा संगणकाला कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणासाठी जास्त जागा हवी असेल, तर स्वतःचा वीज अडॅप्टर असलेली बाहेरची डिस्क हाच सुरक्षित मार्ग.

बोधचिन्हावर चिकटलेला पडदा

हजेरी घेताना एखादी डिस्क उत्तर देत नसेल, तर बायोस बराच वेळ तिची वाट पाहत बसतो. डिस्क खरोखर नादुरुस्त असेल, केबल खराब असेल किंवा जुन्या बोर्डाला एवढी मोठी डिस्क समजत नसेल, तर असे होते. घाई न करता दोन-तीन मिनिटे थांबावे. कधी कधी संगणक त्यानंतर पुढे जातो. मग साटा केबल बदलावी, बोर्डावरचे दुसरे साटा भोक वापरून पाहावे. तीच डिस्क यूएसबी डॉकमधून दुसऱ्या संगणकाला लावून पाहणे ही निर्णायक कसोटी. तिथेही ती ओळखली जात नसेल, किंवा ठराविक अंतराने ‘खट्’ असा आवाज करत असेल, तर ती पावतीसह दुकानात परत द्यावी. तिच्यावर कामाचे काही असेल, तर ती वारंवार चालू-बंद करू नये.

बाहेरची यूएसबी डिस्क लावलेली असताना संगणक बोधचिन्हावर अडकतो आणि काढली की चालतो, ही तक्रार फार ऐकू येते. तिथे बहुधा डिस्कचा दोष नसतो. बायोसच्या मांडणीत यूएसबीवरून बूट करण्याचा पर्याय पहिल्या क्रमांकावर असतो. तो खाली सरकवला की काम झाले.

एम.२ प्रकारच्या, पट्टीसारख्या एसएसडीने एक नवा घोळ आणला आहे. पुष्कळ मदरबोर्डांवर एम.२ ची जागा आणि काही साटा भोके एकाच वाटेवर असतात; एम.२ मध्ये एसएसडी बसली की ती भोके बोर्ड बंद करतो, बहुधा पाचवे-सहावे. विंडोजची जुनी डिस्क नेमकी त्यातल्या एका भोकात असेल, तर ती नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश येतो. डिस्क निरोगी असते. तिची केबल दुसऱ्या भोकात लावली की ती परत दिसते. कोणती भोके बंद होतात हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि पुस्तिका हरवली असली तरी बोर्डावर छापलेल्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

चुकीच्या डिस्कवर गेलेला संगणक

सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत सोपा दोष हा. नवी डिस्क जोडल्यावर पुष्कळ बायोस बूटचा क्रम नव्याने लावतात आणि नवी, कोरी डिस्क वर येते. संगणक तिच्याकडे जातो, तिथे काही सापडत नाही, आणि तो हात वर करतो. सुरू होताना डेल, लेनोवो, एसर आणि गिगाबाइटमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसमध्ये एफ८, एमएसआय आणि अॅसरॉकमध्ये एफ११ ही कळ दाबत राहिल्यास बूटची यादी उघडते. तिच्यातून जुनी डिस्क निवडावी. यूईएफआय असलेल्या संगणकात डिस्कच्या नावाऐवजी ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी ओळ निवडायची असते. संगणक चालला, की डिलीट किंवा एफ२ कळीने बायोसमध्ये जाऊन तीच ओळ कायमची पहिल्या क्रमांकावर ठेवावी आणि एफ१० ने जतन करावे. या साध्या गोष्टीसाठी विंडोज नव्याने टाकण्याचे पैसे घेतले जातात, म्हणून ती प्रत्येक संगणकधारकाला ठाऊक असायला हवी.

जोडलेली डिस्क जुन्या संगणकातली असेल तर तिच्यावर तिचा स्वतःचा बूट प्रोग्रॅम असतो. संगणक तिची विंडोज उचलतो, ती नव्या बोर्डावर अडखळते, आणि चालकाला वाटते की आपलीच विंडोज बिघडली. उपाय तोच: बूटचा क्रम. मात्र त्या डिस्कवरची जुनी विंडोज पुसायची असेल, तर तिच्यावरची कामे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत आणि पुसताना मूळ डिस्कची केबल काढून ठेवावी.

उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक फसवा आहे. दोन डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकली, तर विंडोज एका डिस्कवर आणि तिचा बूट विभाग दुसरीवर जातो असे वारंवार होते. पुढे ‘ही जुनी डिस्क आता काय कामाची’ म्हणून ती काढून तिच्या जागी नवी मोठी बसवली, की विंडोज असलेली डिस्क समोर असूनही संगणक सुरू होत नाही. काढलेली डिस्क परत लावल्यावर तो चालला, तर निदान पक्के. मग विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून ‘रिपेअर’ भागात जाऊन ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने विंडोजच्याच डिस्कवर बूटच्या फाइली तयार करता येतात. ही आज्ञा कोणत्या विभागाला कोणते अक्षर मिळाले आहे यावर चालते आणि रिपेअर भागात सी, डी ही अक्षरे बदललेली असतात. ती पाहिल्याशिवाय आज्ञा देऊ नये. ‘डिस्कपार्ट’मधली ‘क्लीन’ ही आज्ञा तर पूर्ण डिस्कचा नकाशाच पुसते. आंतरजालावरच्या दहा ओळी डोळे मिटून उतरवताना ती मध्येच असू शकते.

बूटशी संबंधित आणखी एक बारीक गोष्ट जुन्या बोर्डांवर घडते. डिस्क बसवताना बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल निघाला किंवा आधीच संपलेला असला, तर बायोसची सगळी मांडणी मूळपदावर जाते. तारीख मागे गेलेली दिसली की हे ओळखावे. सेल तीन व्होल्टचा, कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळणारा. पण तो बदलून भागत नाही. साटाची पद्धत पूर्वी ‘एएचसीआय’ असेल आणि आता ‘रेड’ किंवा ‘आयडीई’ झाली असेल, तर विंडोज सुरू होता होता निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले असते. पद्धत पूर्वीसारखी केली की निळा पडदा जातो. पूर्वीची कोणती होती हे आठवत नसेल, तर तीनही पर्याय एकेक करून पाहता येतात. त्याने डिस्कवरचे काही पुसले जात नाही. अपवाद एवढाच की मुळात अनेक डिस्क मिळून ‘रेड’ बांधलेले असेल, तर त्या पर्यायाला हात लावू नये आणि बायोसने नवे ‘रेड’ बांधायचे का असे विचारल्यास नकार द्यावा. तसेच जुन्या पद्धतीने टाकलेल्या विंडोजला ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी’ हा पर्याय चालू लागतो; सेल गेल्यावर तो बंद झालेला असू शकतो.

निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जात असेल, तर तो बिघाड नाही, बिटलॉकरचे कुलूप आहे. डिस्क कूटबद्ध असेल आणि बूटचा क्रम किंवा बायोसची मांडणी बदलली, तर विंडोज संशयाने किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने विंडोज सुरू केलेली असते त्या खात्यात बहुधा जतन असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती वाचता येते. बूटचा जुना क्रम परत केला तर पुष्कळदा किल्ली मागणेही थांबते. अडचण अशी की खाते दुकानदाराने किंवा नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या ई-मेलवर उघडलेले असते. किल्ली नसेल तर ती डिस्क कोणीच उघडू शकत नाही. म्हणून डिस्क जोडण्यापूर्वीच किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणासाठी किंवा साठवणुकीसाठी लिनक्स वापरलेले असेल, तर तिथे डिस्कना सुरू होण्याच्या क्रमाने नावे मिळतात. नवी डिस्क आली की जुनीचे नाव बदलू शकते, आणि ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये जुने नाव लिहिलेले असेल तर यंत्रणा ‘इमर्जन्सी मोड’मध्ये थांबते. त्या फाइलमध्ये नावाऐवजी प्रत्येक विभागाची यूयूआयडी ही न बदलणारी ओळख लिहावी आणि साठवणुकीच्या डिस्कपुढे ‘नोफेल’ हा शब्द जोडावा. मग ती डिस्क नसली तरी यंत्रणा अडत नाही.

संगणक चालला, डिस्क दिसत नाही

सगळे सुरळीत होऊन विंडोज आली, तरी ‘धिस पीसी’मध्ये नवी डिस्क दिसत नाही आणि ती खराब आहे असा समज होतो. कोऱ्या डिस्कला विभाग नसतात, म्हणून अक्षरही नसते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडल्यावर ती काळ्या पट्टीत दिसते. ती खरोखर नवी असेल तरच ‘इनिशिअलाइज’ करावी आणि विभागणीची जीपीटी ही पद्धत निवडावी. एमबीआर ही जुनी पद्धत प्रत्येक सेक्टरला ३२ बिटांत क्रमांक देते. ५१२ बाइटच्या सेक्टरांनी त्यात सुमारे २.२ लाख कोटी बाइट एवढेच मावतात. त्यामुळे ४ टीबीच्या डिस्कची जवळपास अर्धी जागा वापराबाहेर राहते. जीपीटी केल्यावर विंडोज तीच डिस्क ३.६३ टीबी दाखवते, याचा अर्थ फसवणूक झाली असा नाही: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जुन्या संगणकातून काढलेली, कामे असलेली डिस्क मात्र ‘इनिशिअलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ मागत असेल, तर तिथेच थांबून ती डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

बाहेरच्या डिस्कचे प्लास्टिक फोडून आतली डिस्क कॅबिनेटमध्ये बसवण्याची युक्ती स्वस्त पडते, पण तिथे एक खाच आहे. २०१६ च्या साटा ३.३ प्रमाणानुसार काही डिस्कना तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या स्वतःला बंद ठेवतात. जुन्या एसएमपीएसमध्ये त्या पिनेवर ती वीज कायम असते, आणि डिस्क फिरतच नाही. चार पिनांच्या जोडणीवरून अडॅप्टर लावला की ती फिरते, कारण त्या जोडणीत ३.३ व्होल्टची तारच नसते.

नवी डिस्क चालू झाल्यावर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅमने तिची प्रकृती पाहावी. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ हे दोन आकडे शून्य असले पाहिजेत. ‘पॉवर ऑन अवर्स’ हजारांत असतील तर नवी म्हणून विकलेली ती डिस्क वापरलेली आहे. मग शंभर-दोनशे जीबीची फाइल तिच्यावर उतरवून, ती उघडून पाहावी. कॅबिनेट बंद करताना डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवावी, दोन डिस्कच्या मध्ये बोटभर जागा सोडावी, आणि प्रत्येक साटा केबलवर चिकटपट्टीने ‘विंडोज’, ‘लग्न २०२४’, ‘कॅमेरा’ अशी नावे लिहावीत. पुढच्या वेळी विंडोज नव्याने टाकताना या नावांवरून बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवता येतात आणि बूट विभाग भलत्या डिस्कवर जात नाही. जुन्या डिस्कवरून नवीवर हलवलेली कामे निदान महिनाभर दोन्ही ठिकाणी राहू द्यावीत. नवी डिस्क जायची असेल तर ती पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच जाते.